जुन्या लेन्सचं ‘कॅरेक्टर’ आणि नळदुर्गचं धरण: एका लाडक्या दाव्याची तपासणी

‘जुन्या मॅन्युअल लेन्सला कॅरेक्टर असतं. आजच्या लेन्स शार्प असतात, पण त्यांच्यात जीव नसतो.’ फोटोग्राफीचं वेड असलेल्या कुणाशीही दहा मिनिटं बोलून बघा, हे वाक्य येतंच. त्यावर तासभराचे व्हिडिओ आहेत, लांबलचक लेख आहेत, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढवून काढलेले हजारो फोटो आहेत. आज आपण हा दावा तपासायला घेऊ.

हाच का? दोन कारणं. पहिलं म्हणजे पेटची तयारी करताना कार्यात्मक व्याख्या, बाह्य चल, विश्वसनीयता, सप्रमाणता हे शब्द आपण पाठ करतो, पण रोजच्या एखाद्या दाव्याला ते लावून बघत नाही. दुसरं कारण माझ्या कामाचं आहे. दख्खनच्या किल्ल्यांमधल्या पाण्याच्या व्यवस्थेवर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. त्यात नळदुर्गचा पाणीमहाल येतो, आणि पर्यटकांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेले त्याचे फोटो माझ्यासाठी पुरावा असतात. भिंतीवरची ओल कुठपर्यंत आली, दगडांच्या सांध्यांत झाडं कुठे उगवली, शेवाळाचा पट्टा कुठे संपतो, हे मी त्यांतून वाचायचा प्रयत्न करते. त्यामुळे लेन्सने दगडाचा रंग बदलला की नाही, हा माझ्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुन्या लेन्समध्ये कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे, पण कौतुक भलत्याच जागी होतंय. ज्याला कॅरेक्टर म्हणतात तो बहुतेक वेळा मोजता येणारा दोष असतो. आणि संशोधनाच्या उपयोगाचा जो खरा गुण आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलतच नाही.

आधी थोडी यंत्राची गोष्ट

लेन्सचा माउंट आणि फिल्म (किंवा सेन्सर) यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. ते बदललं की फोकस बिघडतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत मध्ये आरसा असायचा, म्हणून हे अंतर मोठं होतं. एम४२ या आटे असलेल्या माउंटचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५ मिमी. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटचं अंतर फक्त १८ मिमी आहे, निकॉन झेडचं १६. मधली जागा रिकामी उरते आणि तिथे एक पोकळ धातूची कडी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, बसवता येतो. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर कडीची जाडी ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी हवी. काच नाही, वायर नाही, नुसती कडी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००८मध्ये पॅनासॉनिकचा जी१ हा मिररलेस कॅमेरा आला. २०१३मध्ये सोनीच्या ए७ मालिकेने ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेले मिररलेस कॅमेरे आणले. तेव्हापासून कपाटात पडलेल्या लेन्सना पुन्हा मागणी आली. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईत फोर्टमधली बोरा बझारची दुकानं, हेलिओस, ताकुमार, निकॉर ही नावं नव्या पिढीच्या तोंडात बसली. वापरात नसलेली वस्तू परत वापरात आली, कमी पैशात मोठ्या अपर्चरची लेन्स विद्यार्थ्यांच्या हातात आली. इथपर्यंत सगळं चांगलंच झालं.

‘कॅरेक्टर’ मोजायचं कसं?

संशोधनात एखादी संकल्पना वापरायची तर तिची कार्यात्मक व्याख्या द्यावी लागते, म्हणजे ती कशावरून ओळखायची आणि कशी मोजायची हे सांगावं लागतं. ‘कॅरेक्टर’ या शब्दाची अशी व्याख्या कुणी देत नाही. म्हणून लोक तो कोणत्या फोटोंसाठी वापरतात ते बघितलं, तर त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या सापडतात.

एक, गरगरणारी पार्श्वभूमी. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ सोव्हिएत लेन्स यासाठी प्रसिद्ध आहे. तिची रचना त्साइसच्या युद्धपूर्व काळातल्या बिओटार लेन्सवरून घेतलेली. अपर्चर पूर्ण उघडं असताना कडेकडून येणारे किरण लेन्सच्या नळीने अर्धवट अडवले जातात. त्यामुळे कडेचे प्रकाशाचे गोल ठिपके डोळ्याच्या आकाराचे होतात आणि केंद्राभोवती फिरल्यासारखे दिसतात. त्यात कडेच्या भागात लेन्सची फोकस करण्याची अडचण मिसळते. हा परिणाम केव्हा दिसतो? माणूस जवळ असेल, मागे पानांची बारीक जाळी असेल, आणि अपर्चर एफ/२च्या आसपास असेल तेव्हा. तीच लेन्स एफ/८ला आणा आणि दूरचा बुरूज टिपा, गरगर गायब. याचा अर्थ हा ‘स्वभाव’ लेन्सचा एकटीचा नाही. तो लेन्स, अपर्चर, अंतर आणि पार्श्वभूमी या चौघांचा मिळून आहे.

दोन, धुरकट मऊपणा. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओससारख्या रचनेत सहा काचा चार गटांत असतात, म्हणजे हवा आणि काच यांची भेट आठ वेळा होते. काचेवर कुठलाही लेप नसता तर ०.९६चा आठवा घात, म्हणजे जवळपास ७२ टक्केच प्रकाश सरळ पार झाला असता. एकेरी लेपाने हा तोटा दर पृष्ठभागाला दीड टक्क्याच्या आसपास येतो, तेव्हा सुमारे ८९ टक्के प्रकाश पोचतो. बहुपदरी लेपाने आणखी सुधारणा होते. पेंटॅक्सने असा लेप १९७१मध्ये ताकुमार लेन्सवर आणला. परत फिरलेला प्रकाश मात्र नाहीसा होत नाही. त्यातला काही आतल्या आत फिरून सेन्सरवर पसरतो आणि काळ्या भागावर पांढुरकी साय धरतो. त्यालाच लोक ‘ड्रीमी’ म्हणतात. त्यात पन्नास वर्षांची धूळ आणि बुरशी मिसळली की ती साय आणखी दाट होते.

तीन, उबदार रंग. सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४च्या काही आवृत्त्यांमध्ये थोरियम मिसळलेली काच वापरली होती. ही काच वर्षानुवर्षांत पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली तर पिवळेपणा बराचसा उतरतो. आता गंमत बघा. जे ‘कॅरेक्टर’ उन्हात ठेवल्यावर उतरतं, ते लेन्सच्या घडवणाऱ्यांनी दिलेलं नव्हतं, हे उघड आहे.

यातली एकही गोष्ट गूढ नाही. तिघींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. तिन्हींना एकच नाव दिलं की चर्चा थांबते. संशोधनातही हेच होतं. ‘ग्रामीण मानसिकता’, ‘सांस्कृतिक प्रभाव’ असे शब्द प्रबंधात येतात आणि कारण शोधायचं काम तिथेच संपतं.

तुलना कशाची कशाशी?

बहुतेक तुलनांमध्ये जुनी लेन्स एफ/२वर आणि नवी किट झूम एफ/५.६वर असते. एक फोटो संध्याकाळचा, दुसरा दुपारचा. एकाचे रंग मन लावून सुधारलेले, दुसरा जसाच्या तसा. मग निष्कर्ष निघतो की जुन्या लेन्समध्ये जादू आहे. इथे स्वाश्रयी चल एक नाहीच, चार एकदम बदललेत. फरक कुणामुळे पडला हे देवही सांगू शकणार नाही.

अजून एक बाह्य चल सगळ्यांच्या नजरेतून सुटतं: सेन्सरचा आकार. पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर लेन्सचा सगळा प्रतिमावर्तुळ वापरात येतो, कडेचे दोषही येतात. दीडपट क्रॉप असलेल्या एपीएस-सी सेन्सरवर मधलाच भाग वापरला जातो. ५८ मिमीची चौकट ८७ मिमीसारखी अरुंद होते आणि गरगर बरीचशी कापली जाते. म्हणजे ‘हेलिओस कशी आहे’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कॅमेऱ्यावर, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

नमुन्याचाही प्रश्न आहे. हेलिओस ४४-२ कित्येक वर्षं, एकाहून जास्त कारखान्यांत तयार होत होती. तुमच्या हातातली लेन्स मधल्या काळात कुणी उघडली, साफ केली, काच किंचित तिरकी बसवली, हे तुम्हाला माहीत नसतं. एका लेन्सवरून काढलेला निष्कर्ष त्या एका लेन्सबद्दलचा असतो. पन्नास वर्षं जुन्या वस्तूच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, निरीक्षक बदलतो. हाताने फोकस करणारा माणूस थांबतो, चौकट पुन्हा बघतो, कमी फोटो काढतो. त्याचे फोटो चांगले आले तर श्रेय काचेचं की थांबण्याचं? हे वेगळं काढायचा सोपा मार्ग आहे. नवी लेन्सही मॅन्युअल फोकसवर टाका, स्वतःला ३६ फोटोंची मर्यादा घाला, आणि मग नावं झाकून दुसऱ्या कुणाला तरी फोटो लावायला सांगा. असं करून दाखवणारं लेखन मला फार कमी दिसलं. कौतुक भरपूर आहे, चाचणी नाही.

नळदुर्गवर हे का महाग पडतं

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. बोरी नदीवर किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. आतल्या दालनात उभं राहिलं तर समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि आपण कोरडे असतो.

फोटोच्या दृष्टीने ही परीक्षा घेणारी जागा आहे. आत काळोख, बाहेर पांढरं फेसाळ पाणी, भोवती काळा बसाल्ट, हवेत तुषार. एकेरी लेपाची, थोडी धुरकट झालेली लेन्स इथे बाहेरचा उजेड आतल्या काळोखावर पसरवते. फोटो सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण भिंतीचा जो भाग ओला आणि काळा होता तो राखाडी दिसतो, आणि ओल कुठे संपते ती रेघ पुसली जाते. पिवळी पडलेली ताकुमार वापरली तर हिरवं शेवाळ वाळल्यासारखं दिसतं. दहा वर्षांनी कुणी हाच फोटो बघून ‘तेव्हा भिंत कोरडी होती’ असं लिहिलं, तर ती चूक त्याची म्हणायची की फोटोची?

इथे ‘मी कलेसाठी फोटो काढतो, पुराव्यासाठी नाही’ असं उत्तर मिळतं. मान्य आहे. पण नळदुर्गसारख्या ठिकाणी सांडवे वाहत असतानाच्या दिवसांची पद्धतशीर नोंद प्रत्येक वर्षी होतेच असं नाही. हौशी लोकांचे फोटो हीच कित्येकदा त्या पावसाळ्याची नोंद असते. काढणाऱ्याचा हेतू काहीही असो, फोटो पुढे पुरावा म्हणून वापरला जातोच. आपल्या बखरींचं, पत्रांचं तेच झालं नाही का?

कलेच्या बाजूनेही माझा आक्षेप आहे. किल्ला जुना, म्हणून लेन्सही जुनी आणि फोटोही जुनाट दिसणारा, हा हिशेब सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. मऊ कडा आणि पिवळा रंग हा विसाव्या शतकातल्या फिल्मचा जुनेपणा आहे. तो सतराव्या शतकातल्या धरणाला चिकटवला की धरणाबद्दल काहीच कळत नाही, फक्त ‘पूर्वी’ची एक गोड भावना उरते. आणि पूर्वीचे सर्वेक्षण करणारे फोटोग्राफर तरी मऊ फोटो काढत होते का? हेन्री कझिन्स यांचा विजापूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ १९१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्या परंपरेतले लोक मोठ्या काचेच्या निगेटिव्ह, लहान अपर्चर आणि ट्रायपॉड वापरायचे, कारण त्यांना दगडाचा सांधा न् सांधा हवा होता. पाणीमहाल हे मुळात अभियांत्रिकीचं काम आहे. पाण्याच्या दाबासमोर दालन कसं टिकवलं, पाणी कुठून वळवलं, हे दिसलं पाहिजे. धुक्यात ते दिसत नाही.

मग खरा गुण कोणता?

आता दुसरी बाजू. संशोधनासाठी जुन्या लेन्समध्ये एक गोष्ट अशी आहे जी बऱ्याच नव्या लेन्समध्ये नाही: ती ठेवली तिथे राहते.

मिररलेसच्या अनेक नव्या लेन्समध्ये फोकसची कडी थेट काचेला जोडलेली नसते. कडी फिरवली की संदेश जातो आणि मोटर काच हलवते. अशा काही लेन्समध्ये कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस आधीच्या जागी राहीलच याची खात्री नसते. जुन्या लेन्समध्ये आट्यांची नळी आहे. तुम्ही ३ मीटरवर लावली, वर चिकटपट्टी लावली, की दिवसभर तिथेच.

हे कुठे उपयोगी पडतं? फोटोग्रामेट्रीत, म्हणजे अनेक फोटोंवरून वास्तूचं त्रिमितीय मोजमाप काढण्याच्या पद्धतीत. फोकस बदलला की लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर बदलतं, आणि गणितात धरलेली कॅमेऱ्याची भूमिती डळमळते. म्हणून ठरावीक फोकल लांबीची लेन्स, बंद ऑटोफोकस आणि न हलणारा फोकस, हा नियम असतो. शिवाय जुन्या लेन्सवर अंतराची आणि स्पष्टतेच्या पल्ल्याची पट्टी कोरलेली असते. २८ मिमी लेन्स एफ/८वर ३.३ मीटरला लावली, तर फिल्मच्या काळातल्या मापाने सुमारे १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. तेच सेटिंग दर महिन्याला, त्याच जागेवरून वापरता येतं. तीच जागा, तीच लेन्स, तोच फोकस: बदल बघायचा तर एवढंच तर हवं असतं.

पण थांबा. इथेच विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक लख्ख दिसतो. मघाचा २७.४६ मिमी आठवा. स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमीने जाड निघाला, तर काय होईल? ढोबळ सूत्र असं: फोकल लांबीचा वर्ग भागिले जादा अंतर. ५० मिमी लेन्ससाठी २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी, अर्थात २५ मीटर. पट्टी अनंतावर आहे आणि लेन्स मात्र २५ मीटरवर फोकस करते आहे. २८ मिमीला हाच आकडा सुमारे ७.८ मीटर येतो, म्हणजे समोरचा बुरूज अस्पष्ट. प्रत्येक वेळी तीच चूक तितकीच होईल. मापन विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. पुस्तकातली व्याख्या विसरलात तरी हा अ‍ॅडॉप्टर विसरू नका.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर दृश्य मोठं करून दूरच्या बुरुजावर फोकस करा, आणि पट्टीवर अनंताची खरी जागा कुठे येते ते स्वतः खूण करून ठेवा. पल्ल्याची पट्टीही थोडी कडक वाचा. ती फिल्मच्या छोट्या प्रिंटसाठी आखलेली आहे. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/८ लावलं असेल तर एफ/४च्या खुणा बघा.

वही का लागते

या लेन्सना विजेचे संपर्क नसतात. त्यामुळे फोटोच्या फाइलमध्ये लेन्सचं नाव नसतं, अपर्चरची जागा रिकामी किंवा शून्य असते. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन वापरायचं तर फोकल लांबी हाताने भरावी लागते, आणि ती बदलायची राहिली तर फाइलमध्ये चुकीचीच नोंद जाऊ शकते. जुन्या लेन्सवरच्या लेखनात या गोष्टीचा उल्लेख झालाच तर ‘किरकोळ गैरसोय’ म्हणून होतो. संशोधकासाठी ती किरकोळ नाही. ज्या पुराव्याची जन्मनोंद नाही, तो वापरायचा कसा?

म्हणून एक वही ठेवा. फोटो क्रमांक, लेन्स आणि तिचा क्रमांक, अपर्चर, फोकसची जागा, कॅमेरा, उभं राहण्याची जागा, वेळ, ऊन की ढग. प्रत्येक जागेवर पहिला फोटो ग्रे कार्डाचा. घरी आल्यावर एक्झिफटूलसारख्या साधनाने ही माहिती फाइलमध्ये भरा.

आता स्वाध्याय. तुमच्या गावाजवळची एखादी दगडी भिंत निवडा, नळदुर्गच असली पाहिजे असं नाही. एक जुनी लेन्स, एक नवी, फोकल लांबी जवळपास सारखी. दोन्ही एफ/२.८ आणि एफ/८वर, एकाच तासात, एकाच ट्रायपॉडवरून. संरक्षित वास्तू असेल तर ट्रायपॉडच्या परवानगीची आधी चौकशी करा. चारही कोपरे तपासा, एकच कोपरा मऊ असेल तर काच तिरकी आहे. मग फोटोंची नावं झाकून तीन मित्रांना विचारा: यातला ‘कॅरेक्टर’वाला कोणता, आणि कशावरून? ‘कशावरून’चं उत्तर लिहून घ्या. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर तो शब्द अजून संशोधनात आणण्याच्या लायकीचा झालेला नाही असं समजा. तिघांनी एकच सांगितली, तर तुमच्या हाती एक गृहीतक आलं. ते मोजायला घ्या.

आणि हेलिओस घरात असेल तर विकू नका. माणसांचे फोटो काढायला ती छान आहे. धरणावर नेणार असाल तर एफ/८ लावा, आणि वही बरोबर न्या.